अर्जावरचा चेहरा

माझ्या पुतण्याची मुलगी डॉक्टर आहे. आमच्या भावकीतली पहिली. एम.बी.बी.एस. इथे महाराष्ट्रात झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी गेल्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या रुग्णालयांकडे अर्ज करीत होती. त्या अर्जात छायाचित्रासाठी एक चौकोन असतो. छायाचित्र जोडा किंवा जोडू नका, सक्ती नाही. तिने रात्री फोन करून मला विचारले, "आबा, फोटो टाकू का नको?"

मी इतिहासाचा मास्तर, तोही निवृत्त. वैद्यकातले मला काय कळणार? पण हा प्रश्न वैद्यकातला नव्हताच. मी तिला म्हणालो, दोन दिवस थांब. दोन दिवसांचे दोन महिने झाले. तिने आपला निर्णय केव्हाच घेऊन टाकला आणि मी मात्र त्या चौकोनात अडकून पडलो. तिथून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

मी "थांब" म्हणालो याला कारण होते. १९७४ साली मीही मेडिकलचा अर्ज भरला होता. त्यालाही असाच एक चौकोन होता.

तालुक्याला एकच फोटो स्टुडिओ होता. तिथे खुंटीला एक काळा कोट आणि गाठ मारून ठेवलेला टाय टांगलेला असे. तालुक्यातल्या यच्चयावत पोरांनी तोच कोट घालून फोटो काढले. फोटोवाल्याने मला पावडरचा डबा पुढे केला आणि म्हणाला, "थोडी जास्त लाव, काळा येशील. बाकी मी पेन्सिलीनं उजळ करतो." त्या काळी काचेसमोर निगेटिव्ह धरून बारीक पेन्सिलीने चेहरा गोरा करीत. तीन प्रती मिळाल्या. आईची दोन दिवसांची खुरपणी त्यात गेली. फोटोतला मुलगा माझ्यापेक्षा बराच उजळ होता. मला तो आवडला, हे कबूल करतो.

पुढे खरी अडचण होती. फोटो राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून हवा होता. सही अर्धी फोटोवर, अर्धी अर्जाच्या कागदावर. आमच्या वस्तीत राजपत्रित अधिकारी कोठून असणार? वस्तीतला सर्वांत मोठा सरकारी माणूस म्हणजे नगरपालिकेतला मुकादम. राजपत्रित अधिकारी ओळखत असणे हीसुद्धा एक मालमत्ता आहे आणि ती वारशाने मिळते, हे मला त्या आठवड्यात समजले. तालुक्याच्या एका कचेरीत मी तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब फिरतीवर होते. दुसऱ्यांदा व्हरांड्यात संध्याकाळ झाली. तिसऱ्यांदा साहेबांनी वर पाहिले, गाव विचारले, बापाचे नाव विचारले, आडनावावर क्षणभर थांबले आणि सही केली. केली ती पूर्णच्या पूर्ण फोटोवर, माझ्या कपाळापासून कोटाच्या गुंडीपर्यंत. कागदावर एक अक्षर उतरले नाही. मला नियम माहीत होता, पण "साहेब, सही चुकली" असे म्हणण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

शेवटच्या दिवशी, दुपारी, खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत केला. फोटो नियमाप्रमाणे साक्षांकित नाही. मी जातीचा दाखला दाखवला, गुणपत्रक दाखवले. तो म्हणाला, ते सगळे बरोबर आहे, हे बरोबर नाही. राखीव जागांच्या यादीत माझे गुण बसत होते की नव्हते, हे मला आजतागायत कळलेले नाही, कारण माझा अर्ज दाखलच झाला नाही. दोष कोणाचा, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. साहेबाचा निष्काळजीपणा असेल, हेतू असेल. कारकून तर नियमाने वागला. आपल्याकडे अन्याय बहुधा असाच होतो. कोणी काही केलेले नसते.

आता अमेरिकेकडे वळतो. मुलीचा अर्ज तिकडचा आहे आणि अर्जावरच्या या चौकोनाचा इतिहास तिकडे जितका उघडा सापडतो तितका दुसरीकडे सापडत नाही.

१८८३ च्या कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारातल्या अनेक नोकऱ्या लेखी परीक्षेने भरल्या जाऊ लागल्या. गुलामीतून सुटून अवघी वीस वर्षे झाली होती. काळ्या माणसाला ही परीक्षा म्हणजे मोठीच वाट होती. उत्तरपत्रिकेला कातडी नसते. टपाल खात्यात, तिजोरी खात्यात काळे कारकून दिसू लागले. १९१३ साली वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले. विल्सन विद्वान गृहस्थ, विद्यापीठाचे माजी अध्यक्ष, इतिहासाची पुस्तके लिहिणारे. म्हणजे माझ्याच धंद्यातले. त्यांच्या राजवटीत याच खात्यांत काळ्या-गोऱ्यांची टेबले, स्वच्छतागृहे वेगळी होऊ लागली. आणि मे १९१४ मध्ये परीक्षा घेणाऱ्या आयोगाने नियम केला की प्रत्येक उमेदवाराने अर्जासोबत छायाचित्र दिले पाहिजे.

कारण काय दिले? तोतया उमेदवार बसू नये म्हणून. किती निरागस कारण! पण या नियमाला दुसरा एक नियम चिकटलेला होता. परीक्षेत वरचे तीन आले की त्यांतून कोणाला घ्यायचे ते खातेप्रमुखाने ठरवायचे. आता तीन गुणपत्रिका समोर आहेत आणि प्रत्येकीला एकेक चेहरा चिकटवलेला आहे. पुढचे सांगायला नको. कोणालाही "तू काळा आहेस म्हणून नाही" असे एकदाही लिहावे लागले नाही. काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेने या नियमाविरुद्ध सतत आवाज उठवला. तरी तो जायला १९४० साल उजाडले.

तो गेला तेव्हा त्याच्या जागी काय आले हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. बोटांचे ठसे आले. तोतया पकडायचा असेल तर ठसा फोटोपेक्षा खात्रीचा आणि ठशाला काळा-गोरा रंग नसतो. तोतयाच पकडायचा होता तर हे १९१४ सालीच करता आले असते. पोलिसांना तेव्हाही ठसे घेता येत होते.

१९१४ च्या मे महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये होते. जुलै १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१६ पर्यंत तिथे राहिले. तिथे त्यांना मोकळेपणाने वावरता आले, असे आपण वाचतो आणि ते खरेच आहे. पण त्याच शहरात त्याच वर्षांत काळा माणूस नोकरीच्या अर्जाला फोटो चिकटवू लागला होता. आणि बाबासाहेब तिथून निघाल्यानंतर तीनच वर्षांनी, १९१९ साली, कोलंबियाच्या पदवी महाविद्यालयाने प्रवेशाचा नवा अर्ज काढला. त्यात धर्म, बापाचे जन्मस्थान आणि छायाचित्र मागितले होते. हा फास काळ्यांसाठी नव्हता. तिथे काळे होतेच किती? हा ज्यूंसाठी होता. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंची मुले, शिंप्यांची, फेरीवाल्यांची मुले, परीक्षेत गुण मिळवून वर्ग भरून टाकू लागली होती. बाबासाहेबांचे गुरू सेलिग्मन हे ज्यू होते, पण ते जुन्या धनिक घराण्यातले. घाबरण्यासारखी ही नवी पोरे होती. हार्वर्डने १९२२ मध्ये तर यापुढचे पाऊल टाकले. वंश आणि रंग, धर्म, आईचे माहेरचे आडनाव, आणि शेवटी असा प्रश्न की, जन्मल्यापासून तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल केला आहे काय?

हा शेवटचा प्रश्न वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. आपल्या किती घरांत सरकारी राजपत्राचा तो घडी घातलेला कागद जपून ठेवलेला आहे! आडनाव बदलून गावाच्या नावाला "कर" लावलेले कितीजण आपल्या ओळखीचे आहेत! त्यांना कोणी भेकड म्हणते, कोणी अस्मिता विकल्याचा आरोप करते. मी तो करणार नाही. ज्याच्या पोराला भाड्याने खोली मिळत नाही त्याने नाव बदलले तर जाब नाव बदलणाऱ्याला विचारायचा की खोलीवाल्याला?

वैद्यकीय महाविद्यालयांत हे सर्व सर्वांत कडवेपणाने घडले. कोलंबियाच्याच वैद्यकीय महाविद्यालयात १९२० च्या सुमारास जवळजवळ निम्मे विद्यार्थी ज्यू होते. १९४० पर्यंत ते दहा टक्क्यांच्याही खाली आले. वीस वर्षांत ज्यूंची बुद्धी आटली असे कोणी म्हणणार नाही. कुठल्याही कायद्यात, कुठल्याही छापील नियमात हा कोटा लिहिलेला नव्हता. फोटो होता, आडनाव होते आणि मुलाखत होती, तेवढ्यावर भागले. नाकारलेली पुष्कळ मुले समुद्र ओलांडून स्कॉटलंडला डॉक्टर व्हायला गेली.

काळ्या मुलांना समुद्र ओलांडण्याइतकेही भाडे नव्हते. १९१० साली अब्राहम फ्लेक्स्नर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी करून अहवाल लिहिला. आधुनिक वैद्यकीय शिक्षणाचा पाया म्हणून तो नावाजला जातो आणि पुष्कळशा भंगार शाळा त्याने बंद पाडल्या हेही खरे. तेव्हा काळ्यांच्या सात वैद्यकीय शाळा होत्या. अहवालाने सांगितले, वॉशिंग्टनचे हॉवर्ड आणि नॅशव्हिलचे मेहॅरी ही दोनच जगवण्यासारखी आहेत. १९२३ पर्यंत उरलेल्या पाचही शाळांना कुलुपे लागली. काळा डॉक्टर कशाला हवा, तर काळ्यांतले रोग गोऱ्यांपर्यंत पोहोचू नयेत म्हणून. त्याने स्वच्छता शिकवावी, शस्त्रक्रियेच्या मागे लागू नये, अशी अहवालाची भूमिका होती. फ्लेक्स्नर स्वतः ज्यू होते, हे इथे नोंदवून पुढे जातो. त्या पाच शाळा चालू राहिल्या असत्या तर आणखी सुमारे ३५ हजार डॉक्टर तयार झाले असते, असा हिशेब २०२० साली संशोधकांनी मांडला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने आपल्या मानाच्या पुरस्कारावरून फ्लेक्स्नरांचे नाव उतरवले. एकशे दहा वर्षांनी.

आता एक फरक ध्यानात घ्या. दक्षिणेतल्या राज्यांत फोटोची फारशी गरज नव्हती. तिथे कायदाच काळ्याला बाहेर ठेवीत होता आणि नकार सरळ टंकलिखित होऊन येई. १९५९ साली मॅरियन हूड या काळ्या तरुणाने अटलांटातल्या एमरी विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज केला. थोड्याच दिवसांत पत्र आले : निग्रो वंशाच्या व्यक्तीचा विचार करण्याचा आम्हाला अधिकार नाही. एवढेच. हूड शिकागोला शिकले, डॉक्टर झाले, परत अटलांटात येऊन त्यांनी बायकांची बाळंतपणे केली आणि जून २०२१ मध्ये विद्यापीठाने त्यांची जाहीर माफी मागितली. त्यांच्याकडे ते पत्र होते म्हणून माफी तरी मागता आली. उत्तरेत मात्र दार उघडे आहे असे सांगत आणि दाराच्या फटीतून चेहरा बघून घेत. जिथे उघड मनाई करता येत नाही तिथे अर्जाला फोटो चिकटतो. आणि फोटोने नाकारलेल्या माणसाजवळ पुरावा म्हणून काय उरते? नाकारलेली कोणती हे सांगणारी यादी नसते, कारण नसते. माफी मागायला पत्ताही नसतो.

(हूडच्या पत्रातला "निग्रो" हा शब्द आमच्या पिढीनेही सर्रास वापरला. ते लोकही तेव्हा स्वतःसाठी तो वापरीत. आज ते तो वापरीत नाहीत, म्हणून मीही वापरीत नाही.)

इथे आमच्या चळवळीलाही एक बोल लावतो. १९७२ साली दलित पँथर झाली. नाव आपण अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. काळ्यांच्या कविता वाचल्या, आत्मचरित्रे वाचली, त्यांच्या शिव्याही आपल्या कवितेत आणल्या, आणि ते योग्यच होते. पण त्यांची कविता वाचणाऱ्या आम्ही त्यांचा अर्ज वाचला नाही. अर्जात कोणते रकाने होते, ते कोणी घातले, कोणी कोर्टात आणि विधिमंडळात भांडून खोडले, याचा अभ्यास आमच्याकडून राहिला. न्यूयॉर्क राज्याने १९४८ मध्ये कायदा करून शिक्षणसंस्थांना वंश आणि धर्म पाहून प्रवेश नाकारायला बंदी केली. अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने त्याच्या आदल्या वर्षी अर्जातले धर्म, रंग आणि मूळ देश विचारणारे प्रश्न काढून टाका अशी शिफारस केली होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या साऱ्या संस्थांना वंशभेदाची बंदी केली. ही रकान्यांची लढाई होती. तिच्यावर कोणी गाणे लिहिले नसेल, पण पोरे तिच्यामुळे आत गेली.

वैद्यकाचेच दार एवढे घट्ट का? मला वाटते, याचे उत्तर आपल्याइतके स्पष्ट कोणाला दिसू नये. डॉक्टरकी हा स्पर्शाचा धंदा आहे. वकील दुरून बोलतो, मास्तर फळ्याशी उभा राहतो. डॉक्टर नाडी धरतो, पोटावर हात ठेवतो. गोऱ्या रोगी बाईला काळा विद्यार्थी हात कसा लावणार, हे कारण तिकडच्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे पुढे केले. दुसऱ्या महायुद्धात तर रेडक्रॉसने काळ्यांचे रक्त वेगळ्या बाटलीत ठेवले. आणि इकडे? बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. आला तो वस्तीबाहेर उभा राहिला, तिला बाहेर आणायला लावले. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला. परत त्याच वाटेने. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया आहे. औषध पाठवले, पुन्हा आला नाही. बाई मेली. ही हकीकत १९२९ साली वर्तमानपत्रात छापून आली होती. जो डॉक्टर हात लावत नाही, त्याच्या धंद्यात आपल्या हाताला शिरू द्यायचे की नाही, हा प्रवेशाचा खरा प्रश्न आहे. गुणवत्ता हे त्याचे सभ्य नाव.

आता गोष्ट उलटी फिरते आणि इथे आपल्या पुष्कळ मित्रांची गफलत होते. अर्जातून वंश पुसला, फोटो काढला, म्हणजे न्याय झाला का? १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिकडे असे दिसले की रकाने पुसूनही वर्ग पांढरेच आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालय १९६८ साली सुरू झाले; पहिल्या ५० च्या तुकडीत एकही काळा विद्यार्थी नव्हता. मग त्यांनी १०० पैकी १६ जागा वंचित अल्पसंख्याक गटांसाठी बाजूला ठेवल्या. त्यासाठी अर्जात पुन्हा विचारणे आले : तुम्ही कोण? जो प्रश्न बाहेर काढण्यासाठी विचारला जात होता तोच आत घेण्यासाठी विचारला जाऊ लागला. आणि तत्क्षणी आरडाओरडा सुरू झाला की वंश पाहणे हाच अन्याय आहे. ॲलन बाकी या गोऱ्या उमेदवाराने खटला भरला आणि जून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या १६ जागा मोडीत काढल्या. वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून पाहायला मात्र मुभा ठेवली. त्याच महाविद्यालयात डीनला आपल्या अधिकारात वजनदारांच्या मुलांना काही जागा देता येत होत्या. त्या जागांवर बाकींनी खटला भरला नाही.

हा खटला आपल्याला परका नाही. आपण तो सत्तावीस वर्षे आधी लढून बसलो होतो. मद्रास प्रांतात जातवार वाटणीचा सरकारी आदेश होता. मेडिकलच्या दर १४ जागांत ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ हरिजनांना, १ अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती यांना, १ मुसलमानांना. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण बाईंनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश घटनाबाह्य ठरवला. त्यातूनच पहिली घटनादुरुस्ती आली. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. कलम १५ मध्ये चौथे पोटकलम घातले गेले आणि आज मागासांच्या शिक्षणातल्या राखीव जागा ज्यावर उभ्या आहेत तो खांब रोवला गेला.

या खटल्यातली एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगत असे. चंपकमबाईंनी मेडिकलला अर्जच केलेला नव्हता. चौकशी केली, आपल्याला जागा मिळणार नाही असे कळले, म्हणून त्या थेट न्यायालयात गेल्या. अर्ज न करता एक बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. माझा अर्ज भरलेला होता, फोटो चिकटवलेला होता, सहीसुद्धा होती. मला खिडकीच्या पलीकडे जाता आले नाही. त्यांचा मला राग नाही. ज्या माणसाला राजपत्रित अधिकारी ओळखीचा असतो त्याला बहुधा न्यायालयाची वाटही ठाऊक असते, एवढेच म्हणायचे आहे.

आपल्याकडे फोटोने जात कळत नाही असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, म्हणून आपल्याकडे आडनाव आहे, गाव आहे, बापाचा धंदा आहे, आणि दाखला आहे. तोच दाखला एका हातात हक्क असतो आणि दुसऱ्या हातात डाग. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाच्या चौकशीसाठी नेमलेल्या थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. दलित-आदिवासी विद्यार्थी वसतिगृहात कसे वेगळे पडतात, त्यांना कसे हिणवले जाते, हे त्यात नोंदलेले आहे. प्रवेशयादी गुणांनी लागते, तिथे कोणी फोटो पाहत नाही. पण तोंडी परीक्षेला परीक्षकासमोर चेहरा, आडनाव आणि प्रवर्ग तिन्ही एकदम येऊन बसतात.

मग फोटो नकोच का? असेही मी म्हणत नाही. मध्य प्रदेशातल्या व्यापम घोटाळ्यात पैसेवाल्यांच्या पोरांच्या जागी भाडोत्री हुशार पोरे मेडिकलच्या परीक्षेला बसली. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६३४ जणांचे प्रवेश रद्द ठरवले. अशा चोरीत पहिली जागा गरिबाच्या पोराची जाते. तेव्हा परीक्षेच्या दारावर फोटो असावा, ठसा असावा, काय वाटेल ते असावे. दारावरच्या पहारेकऱ्याने फोटो पाहावा. निवड करणाऱ्याच्या टेबलावर तो कशासाठी? १९१४ ची सारी चलाखी एवढ्यातच होती की दारावरचा फोटो टेबलावर नेऊन ठेवला. आणि जात किंवा वंश विचारायचा तो रकाना उघड असावा, कशासाठी विचारतो हे लिहिलेले असावे, किती घेतले किती नाकारले याचा हिशेब जाहीर व्हावा. फोटोचा हिशेब कधीच जाहीर होत नाही.

अमेरिकेत आता तो उघड रकानाही बंद झाला आहे. जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्याला जवळजवळ पूर्ण मनाई केली. त्यानंतरच्या पहिल्याच, म्हणजे २०२४ च्या प्रवेशांत वैद्यकीय महाविद्यालयांतले नवे काळे विद्यार्थी ११.६ टक्क्यांनी घटले. निवासी डॉक्टरांच्या अर्जातला फोटोचा चौकोन मात्र जागच्या जागी आहे. २०१९ साली छापलेल्या एका प्रयोगात क्ष-किरण विभागांच्या निवडकर्त्यांपुढे बनावट अर्ज ठेवले. देखण्या चेहऱ्यांना झुकते माप मिळाले, लठ्ठ चेहऱ्यांना उणे. डॉक्टर निवडत होते हो, नटनट्या नव्हे.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले. ती म्हणाली, "आबा, गोऱ्यांचं ठीक आहे, त्यांना मी फक्त इंडियन दिसेन. पण निवड समितीत आपल्याकडचा कोणी बसला असेल तर तो फोटो बघणारच नाही. तो आडनाव बघेल." याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी केली. ती वेळ तिथे का आली हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

तिने फोटो जोडला. शहरातल्या एका दुकानात काढला. दुकानदार पोराने कॉम्प्युटरवर तिचा चेहरा मोठा करून विचारले, "मॅडम, थोडा लाइट करून देऊ? फ्री आहे." ती नको म्हणाली.

दोन रुग्णालयांकडून मुलाखतीचे बोलावणे आले आहे. मुलाखत कॉम्प्युटरच्या पडद्यावरच होते. निकाल मार्चमध्ये लागेल.